प्रीसाइस आणि ओपनफोम: मोठे प्रवाह-प्रतिमान तुकड्यांत चालवल्याचा नऊ महिन्यांचा अनुभव

जॅकवेल (पाणी उपसण्याची विहीर), पंपगृहातील मॅनिफोल्ड (पंपांच्या नळ्या एकत्र आणणारी नळी) आणि पुढची ६ किलोमीटरची ऊर्ध्ववाहिनी (पाणी वर चढवणारी वाहिनी) हे सारे एकाच त्रिमितीय मेशमध्ये (गणनासाठी आखलेल्या जाळीत) बसवण्याचा हट्ट आम्ही नऊ महिन्यांपूर्वी सोडला. मॅनिफोल्डच्या वळणांपाशी काही मिलिमीटरचे सेल, म्हणजे जाळीचे कप्पे, लागतात. सरळ वाहिनी त्याच बारकाईने भरण्यात काहीच हशील नसते. आता जॅकवेल आणि मॅनिफोल्ड ही ओपनफोम या प्रवाह-गणनाच्या सॉफ्टवेअरमधील दोन स्वतंत्र प्रतिमाने आहेत, ऊर्ध्ववाहिनी पायथनमध्ये लिहिलेले एकमितीय प्रतिमान आहे आणि त्यांच्यातील देवाणघेवाण प्रीसाइस ही मुक्त स्रोत लायब्ररी सांभाळते.

कल्पना नवी नाही. हर्मान श्वार्झ यांनी १८७० मध्ये एकमेकांवर अंशतः येणारे दोन प्रदेश आळीपाळीने सोडवून संपूर्ण प्रदेशाचे उत्तर मिळवण्याची रीत मांडली होती. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रातही सांडव्याचा एक छेद मोठ्या प्रमाणावर आणि संपूर्ण परिसर लहान प्रमाणावर, अशी वेगवेगळी भौतिक प्रतिमाने बांधली जातात.

प्रीसाइसची मांडणी मला मनापासून आवडली. सॉल्व्हरच्या, म्हणजे समीकरणे सोडवणाऱ्या प्रोग्रामच्या, मूळ कोडला हात लावावा लागत नाही; ओपनफोमच्या कंट्रोलडिक्ट या नियंत्रण-फाइलमध्ये अॅडॅप्टर (प्रीसाइसशी जोडणारा दुवा) जोडला आणि कोणी कोणाला काय पाठवायचे हे एका एक्सएमएल फाइलमध्ये लिहिले की जोडणी उभी राहते. मात्र दुसऱ्या आवृत्तीसाठी लिहिलेली फाइल तिसऱ्या आवृत्तीत जशीच्या तशी चालत नाही, आणि तो बदल करण्यात आमचे दोन दिवस गेले.

खरी कसोटी दोन तुकड्यांमधला छेद कुठे घ्यायचा याची आहे. असंपीड्य, म्हणजे पाणी दाबले जात नाही असे मानलेल्या, प्रवाहात दाबाचा परिणाम एकाच क्षणी सर्वत्र पोहोचतो, त्यामुळे वरचा तुकडा खालच्याला वेग देतो आणि खालचा वरच्याला दाब परत करतो, हे दोन्ही व्यवहार प्रत्येक टप्प्यावर जुळलेच पाहिजेत. आम्ही पहिला छेद सोयीचा म्हणून मॅनिफोल्डच्या शेवटच्या वळणालगत घेतला होता, आणि ती चूक होती. वेगवेगळ्या प्रतलांतील दोन वळणे एकापाठोपाठ आली की पाण्याला पीळ पडतो आणि तो व्यासाच्या कित्येक पट अंतरापर्यंत विरत नाही. एकमितीय वाहिनीला तो पीळ कळतच नाही. छेद पुढे सरकवून सरळ नळीचा बराच मोठा भाग त्रिमितीत ठेवल्यावरच मॅनिफोल्डमधील दाबहानी स्थिरावली.

दुसरा धडा अधिक महाग पडला. एकमितीय बाजूला आम्ही एकच बिंदू ठेवला होता आणि मॅपिंगसाठी, म्हणजे एका बाजूची मूल्ये दुसऱ्या बाजूच्या बिंदूंवर नेण्यासाठी, निकटतम-बिंदू पद्धत निवडली होती. ही पद्धत सरासरी काढत नाही. ती सर्वांत जवळच्या सेलचे मूल्य उचलते. नळीच्या मध्यावरचा वेग सरासरी वेगापेक्षा जास्त असल्याने वाहिनीत प्रत्यक्षाहून अधिक पाणी जात होते, आणि तीन आठवडे आम्ही त्याचे कारण पंपाच्या वक्रात (विसर्ग आणि दाब यांच्या आलेखात) शोधत राहिलो. अखेरीस पायथनच्या बाजूलाही छेदावरील सर्व बिंदू घेतले आणि क्षेत्रफळानुसार सरासरी आम्हीच काढू लागलो. तेव्हापासून प्रत्येक छेदाच्या दोन्ही बाजूंचा विसर्ग दर टप्प्याला नोंदवणे आमच्याकडे सक्तीचे आहे, कारण मॅपिंगमधील अशी चूक गणन थांबवत नाही आणि आलेख अगदी गुळगुळीत दिसतात.

वेगाबद्दल अपेक्षा माफक ठेवाव्यात. एक्सप्लिसिट जोडणीत (दर टप्प्याला एकदाच देवाणघेवाण) दाब वरखाली उसळून गणन कोसळत असे, म्हणून आम्ही इम्प्लिसिट जोडणी आणि दोन्ही बाजू लवकर जुळवणारे आयक्यूएन-आयएलएस प्रवेगन वापरतो. त्यात प्रत्येक टप्पा समाधान जुळेपर्यंत पुन्हा सोडवला जातो आणि तेवढा खर्च वाढतो. सिरियल पद्धतीत एक सॉल्व्हर चालू असताना दुसऱ्याचे कोअर रिकामे बसतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी चालवणारी पॅरलल पद्धत घेतली. लाभ वेगळ्या ठिकाणी आहे: मॅनिफोल्डची एक शाखा बदलली की फक्त त्याच तुकड्याचा मेश नव्याने करावा लागतो.

काळाचे टप्पे वेगळे ठेवता येणे हे मला या साधनाचे सर्वांत मोठे बलस्थान वाटते. पोलादी वाहिनीत दाबाची लाट सेकंदाला सुमारे १,००० मीटर धावते, त्यामुळे १० मीटरच्या भागांसाठी ०.०१ सेकंदाचा टप्पा नेमका बसतो. त्रिमितीय बाजू तेवढ्याच अवधीत ०.०००५ सेकंदाचे २० टप्पे टाकते आणि प्रीसाइसची तिसरी आवृत्ती मधल्या क्षणांची मूल्ये अंतर्वेशनाने (आधीच्या व नंतरच्या मूल्यांवरून) पुरवते.

पडताळणीसाठी पंपाच्या बाजूला स्थिर दाब धरून वाहिनीच्या दूरच्या टोकाची झडप एकदम बंद केली. सेकंदाला १ मीटर वेगाचे पाणी असे थांबवल्यास जलाघाताच्या, म्हणजे प्रवाह एकदम थांबल्याने उठणाऱ्या दाबलाटेच्या, झुकोव्स्की सूत्रानुसार दाब सुमारे १० बार, म्हणजे जवळजवळ १०० मीटर शीर्षाइतका (पाण्याच्या स्तंभाच्या उंचीइतका), वाढायला हवा आणि ती लाट ६ सेकंदांनी मॅनिफोल्डशी पोहोचायला हवी. दोन्ही गोष्टी जुळल्या. त्यानंतर लाट परावर्तित होऊन प्रवाह उलटला आणि तिथे जोडणी डगमगली, कारण ज्या सीमेवरून पाणी बाहेर जाणार असे गृहीत होते, तिथूनच ते आत येऊ लागले आणि त्याची दिशा व संक्षोभ त्रिमितीय बाजूला सांगणारे कोणी नव्हते. उलट प्रवाहाच्या प्रसंगांसाठी आम्ही सध्या त्रिमितीय गणनातून मॅनिफोल्डचे दोन्ही दिशांचे, दाबहानी सांगणारे हानिगुणांक काढतो आणि पुढचा जलाघात संपूर्णपणे एकमितीतच सोडवतो.