डीआरएम शेड्यूलरचं नवं 'इनिट': सहा महिन्यांच्या वापरानंतर

डीआरएम शेड्यूलर म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसरची (जीपीयूची) कामं, म्हणजेच 'जॉब', रांगेत लावणारा कर्नलमधला भाग. लिनक्स कर्नल ६.१५ पासून तो उभा करणाऱ्या इनिट फंक्शनला दोनच आर्ग्युमेंट द्यावी लागतात: शेड्यूलर आणि बाकीची मूल्यं फील्डांत ठेवणारा एक स्ट्रक्ट. आधी अकरा होती. आकडा भीतीदायक, पण जुन्या कॉलचा खरा त्रास वेगळाच होता. क्रेडिट मर्यादा (एका वेळी जीपीयूकडे किती काम जाऊ द्यायचं), हँग मर्यादा (जॉब किती वेळा अडकला की सोडून द्यायचा) आणि टाइमआउट ओळीनं शेजारी बसत आणि तिन्ही पूर्णांक. अदलाबदल झाली तरी कंपायलर चकार शब्द काढत नसे. सबमिट आणि टाइमआउट या दोन वर्कक्यूंचे (कर्नलमधल्या कामांच्या रांगांचे) पॉइंटरही एकाच प्रकारचे. आता प्रत्येक मूल्य फील्डच्या नावानिशी लिहिता येतं, त्यामुळे पॅच तपासणाऱ्याला हेडर उघडून बोटांवर मोजत बसावं लागत नाही.

मात्र एका जातीच्या चुका गेल्या आणि दुसऱ्या जातीच्या आल्या. जे फील्ड लिहायचं राहतं ते गुपचूप शून्य होतं. पॉइंटरांच्या बाबतीत हे सोयीचं आहे: सबमिट वर्कक्यू दिली नाही तर शेड्यूलर स्वतःची क्रमवार वर्कक्यू बनवतो, टाइमआउटची दिली नाही तर सिस्टिमची वापरतो. आकड्यांचं तसं नाही. टाइमआउट शून्य म्हणजे 'मर्यादा नाही' असं वाटतं, पण त्याचा अर्थ शून्य जिफी (जिफी म्हणजे कर्नलच्या घड्याळाचा एक ठोका). जॉब पेंडिंग यादीत (जीपीयूकडे गेलेल्या, अजून न संपलेल्या जॉबांच्या यादीत) आला रे आला की टाइमआउटचं काम लागलीच रांगेत, आणि धडधाकट जीपीयू रीसेट होत राहतो. मर्यादा नकोच असेल तर मॅक्स_शेड्यूल_टाइमआउट स्पष्ट लिहा.

टाइमआउटचं एककही फील्डच्या नावात नाही. नुसतं ५०० लिहिलं तर एचझेड (सेकंदाला किती जिफी) १००० असलेल्या कर्नलवर अर्धा सेकंद, २५० असलेल्यावर दोन सेकंद. मिलिसेकंदांचं जिफीत रूपांतर करणारं फंक्शन वापरा.

क्रेडिट मर्यादा विसरलात तर? जॉबचे क्रेडिट मर्यादेपेक्षा जास्त निघतात, शेड्यूलर एकदाच इशारा देऊन ते मर्यादेइतके, म्हणजे शून्यावर, छाटतो. मग अडवायला काहीच उरत नाही आणि रिंगमध्ये (जीपीयूच्या आज्ञांच्या बफरमध्ये) जागा असो नसो, जॉब जात राहतात. डीमेसगमधला (कर्नलच्या लॉगमधला) तो एकदाच येणारा इशारा सहज नजरेतून सुटतो.

जॉबच्या बाजूला इतकी सफाई नाही. इनिट, आर्म, पुश हा क्रम फंक्शनांच्या नावांतून कळतो, पण आर्म आणि पुश एकाच लॉकखाली हवेत हे सिग्नेचर सांगत नाही. लॉक मध्येच सोडला तर फेन्सचे (जॉब संपल्याचं कळवणाऱ्या खुणांचे) अनुक्रमांक आणि रांगेतला क्रम जुळत नाहीत. जॉब इनिटचं 'ओनर' हे आर्ग्युमेंट अजून व्हॉइड पॉइंटर आहे, त्यात काहीही खपतं.

रीसेटकडची सुधारणा मात्र मनापासून आवडली. शेड्यूलर पुन्हा सुरू करताना पूर्वी नुसतं 'ट्रू' द्यायचं, म्हणजे नेमकं काय हे वाचणाऱ्यानं ओळखायचं; आता एरर कोड देतात. टाइमआउट कॉलबॅकचं (टाइमआउट झाल्यावर शेड्यूलर बोलावतो त्या ड्रायव्हरच्या फंक्शनचं) 'नॉमिनल' हे उत्तरही दिशाभूल करणारं होतं, कारण ते रीसेट झाल्यावर द्यायचं! २०२५ मध्ये त्याचं 'रीसेट' झालं आणि सोबत 'नो हँग' आलं. जॉब फक्त हळू असेल तर 'नो हँग' एवढंच उत्तर द्या; शेड्यूलर तो जॉब यादीत स्वतःच परत घालतो. पेंडिंग यादीत हातानं परत घुसवण्याचा जुना कोड काढून टाका, नाहीतर तोच जॉब दोनदा घातला जाईल.