दूर बसून एकत्र काम करणाऱ्यांसाठी स्लॅक : खानदेशातल्या एका टीमच्या अनुभवातून

जळगाव, अमळनेर, शिरपूर, नंदुरबार आणि पुणे अशा पाच ठिकाणी बसून आमची सात जणांची टीम व्यापाऱ्यांचे हिशेब ठेवते आणि त्यांची जीएसटीची रिटर्न्स भरते. पक्षकारांत जळगावचे डाळ मिलवाले आणि सराफ आहेत, नंदुरबारचे मिरची व्यापारी आहेत, सावदा-फैजपूरकडचे केळी वेफर्स करणारेही आहेत. दरमहा रिटर्न भरणाऱ्या व्यापाऱ्याची जीएसटीआर-१ची (विक्रीच्या तपशिलाच्या विवरणपत्राची) मुदत ११ तारखेला आणि जीएसटीआर-३बीची (कर भरण्याच्या एकत्रित विवरणपत्राची) २० तारखेला संपते. त्यामुळे शिरपूरच्या सहकाऱ्याने खरेदीची बिले खरोखर जुळवून पाहिली आहेत असे पुण्यातल्या सहकाऱ्याने धरून चालावे, की पुन्हा स्वतः पाहावे, हा प्रश्न आमच्याकडे दर महिन्याला उभा राहतो. एकमेकांवर भरवसा नसेल तर तेच काम दोनदा होते आणि भरवसा आंधळा असेल तर व्यापाऱ्याच्या हाती नोटीस पडते. स्लॅक हे टीमच्या आपसातल्या संदेशांचे ॲप आम्ही या प्रश्नासाठी वापरायला घेतले आणि हे परीक्षणही तेवढ्यापुरतेच आहे.

स्लॅकची घडण समजून घ्यायला त्याची जन्मकथा थोडी उपयोगी पडते. टायनी स्पेक नावाची कंपनी ‘ग्लिच’ हा ऑनलाइन खेळ तयार करत होती. तिचे लोक वेगवेगळ्या शहरांत बसत असल्यामुळे आपसातले काम चालवण्यासाठी त्यांनी स्वतःपुरते एक संदेशांचे साधन बनवले होते. २०१२ मध्ये खेळ बंद पडला, साधन मात्र टिकले आणि २०१३ मध्ये ते स्लॅक या नावाने बाहेर आले. २०२१ मध्ये सेल्सफोर्स या कंपनीने ते विकत घेतले. विखुरलेल्या लोकांनी स्वतःच्या गरजेपोटी बनवलेली ही वस्तू असल्याने तिची मूळ मांडणी खुल्या चॅनलची, म्हणजे एकेका विषयाच्या सामाईक बोलण्याच्या जागेची आहे. चॅनलमध्ये टीममधील कोणीही केव्हाही येऊ शकतो आणि आपण येण्यापूर्वी तिथे काय बोलणे झाले तेही वाचू शकतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये नव्याने आलेल्या माणसाला मागचे सगळे आपसूक दिसत नाही. त्याला दर वेळी कोणाला तरी विचारावे लागते, आणि विचारायचा संकोच वाटला की तो अंदाजाने काम करू लागतो.

आम्ही प्रत्येक व्यापाऱ्याचे स्वतंत्र चॅनल केले आणि एकच शिस्त घातली: त्या व्यापाऱ्याविषयीचा प्रश्न कोणाच्याही खासगी खात्यात विचारायचा नाही, चॅनलमध्येच विचारायचा. या शिस्तीचे मोल एका डाळ मिलच्या वेळी कळले. सुटी डाळ आणि लेबल लावून पाकीटबंद केलेली २५ किलोपर्यंतची डाळ यांच्या कर-आकारणीत १८ जुलै २०२२पासून फरक आहे. सुट्या डाळीवर कर नाही, पाकीटबंद डाळीवर ५ टक्के आहे. पुण्यातील सहकारी त्या मिलची विक्री पूर्वीप्रमाणे करमुक्त धरून चालला होता, कारण त्याच्यासमोर फक्त आकडे होते. त्याने चॅनलमध्ये सहज विचारले की या महिन्यात पोत्यांची संख्या एकदम का वाढली. प्रश्न त्याने दुसऱ्याला उद्देशून विचारला होता, पण तो अमळनेरच्या सहकाऱ्याने वाचला. हा सहकारी आदल्याच आठवड्यात मिलवर जाऊन आला होता आणि तिथे छापील लेबलची नवी लहान पोती त्याने डोळ्यांनी पाहिली होती, म्हणजे ही विक्री आता करपात्र होती. रिटर्न भरण्याआधीच गोष्ट सुधारली गेली. हाच प्रश्न दोघांच्या खासगी बोलण्यात राहिला असता, तर ज्याला उत्तर ठाऊक होते त्याच्यापर्यंत तो पोहोचलाच नसता.

विखुरलेल्या टीमचा अभ्यास करणाऱ्या कॅथरिन क्रॅमटन यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात नेमकी ही अडचण मांडली आहे. दूरच्या सहकाऱ्याची परिस्थिती आपल्याला दिसत नाही, सगळ्यांकडे सारखी माहिती पोहोचत नाही, आणि समोरच्याच्या गप्प राहण्याचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या मनाने लावतो. मग जो दोष परिस्थितीचा असतो तो माणसाच्या माथी मारला जातो. मे महिन्यात दुपारी वीज गेलेल्या घरात बसलेला नंदुरबारचा माणूस तासभर उत्तर देत नाही, तेव्हा पुण्याच्या वातानुकूलित कार्यालयातून तो आळशी दिसतो. दोघेही प्रामाणिक असतात आणि तरीही मन कलुषित होते.

या बाबतीत स्लॅकचा एक निर्णय मला मनापासून आवडतो: समोरच्याने मेसेज वाचला की नाही हे ते दाखवत नाही. व्हॉट्सॲपवरच्या निळ्या खुणा खासगी संभाषणात बंद करता येतात, ग्रुपमध्ये येत नाहीत. आणि ‘वाचले, तरी उत्तर नाही’ या एका दृश्यातून जेवढे रुसवेफुगवे निर्माण होतात तेवढे कामातल्या खऱ्या चुकांतूनही होत नसावेत. स्लॅकवर त्याऐवजी मेसेजला डोळ्यांचे किंवा बरोबरच्या खुणेचे चिन्ह लावण्याची सोय आहे. आमच्यात डोळ्यांचे चिन्ह म्हणजे ‘पाहिले, सवडीने करतो’ आणि बरोबरची खूण म्हणजे ‘झाले’ असे ठरले आहे. खूण माणूस स्वतः लावतो, यंत्र त्याच्यावर नजर ठेवून लावत नाही, आणि माझ्या मते सगळा फरक तिथेच आहे.

नावाशेजारचा हिरवा ठिपका मात्र स्लॅकनेही ठेवला आहे. संगणकावर काही वेळ हालचाल झाली नाही की तो मावळतो. बिलांचा गठ्ठा समोर घेऊन कागदावर टिपणे करणारा जुना हिशेबनीस यामुळे दिवसभर ‘गैरहजर’ दिसतो, तर नुसता माऊस हलवणारा तत्पर ठरतो. ठिपका पाहून काही अनुमान काढायचे नाही असे आम्ही लेखी ठरवून घेतले आहे, आणि ज्या मालकांना हे ॲप नोकरांवर लक्ष ठेवण्यासाठी हवे असेल त्यांनी ते घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्या कामासाठीही ते कच्चेच आहे.

मालकाला काय काय वाचता येते हा प्रश्न आमच्या तरुण सहकाऱ्यांनी पहिल्याच दिवशी विचारला होता आणि तो विचारणे योग्यच होते. मोफत योजनेत आणि तिच्या लगतच्या सशुल्क योजनेत मालक खुल्या चॅनलचा मजकूर उतरवून घेऊ शकतो. खासगी संभाषणे मात्र त्याला मनाला येईल तेव्हा उघडता येत नाहीत, त्यासाठी ठरावीक कारणे दाखवून कंपनीकडे अर्ज करावा लागतो. मोठ्या कंपन्यांच्या वरच्या योजनांत मालकाचे अधिकार वाढतात. ही माहिती नव्या माणसाला आधीच सांगून टाकावी. ती नंतर बाहेरून कळली तर पुढचे कोणतेही आश्वासन त्याला पटत नाही.

खुल्या चॅनलची खरी अडचण ॲपमध्ये नाही, ती आपल्या रीतीभातीत आहे. आमच्या टीममध्ये साठी ओलांडलेले एक हिशेबनीस आहेत, त्यांना सगळे आप्पा म्हणतात. आप्पांच्या आकड्यात फरक दिसला तरी तो सर्वांसमक्ष लिहायला कोणी धजत नसे. मग फोन होत, आडून विचारणा होई आणि चॅनल कोरे राही. चूक दाखवली किंवा न कळलेले विचारले तर आपली शोभा होणार नाही, ही खात्री टीमला वाटली पाहिजे, हे टीमच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये संशोधनातून मांडले होते. आप्पांनी ते संशोधन वाचलेले नाही. त्यांनी एके दिवशी खुल्या चॅनलमध्ये स्वतःच लिहिले, ‘या बिलाचा एचएसएन कोड मला लागत नाही, पोरांनो, कोणी सांगता का?’ (एचएसएन कोड म्हणजे जीएसटीसाठी मालाच्या प्रकाराला दिलेला क्रमांक.) त्यानंतर बाकीच्यांचे प्रश्न आपोआप चॅनलमध्ये येऊ लागले. ज्येष्ठ माणूस असे करायला तयार नसेल तर स्लॅकची महागडी योजना घेऊनही उपयोग नाही.

आता पैशांचे. मोफत योजनेत मागील ९० दिवसांचेच मेसेज दिसतात आणि एक वर्षाहून जुना मजकूर कायमचा पुसला जातो. गप्पांसाठी हे ठीक आहे. हिशेबाच्या कामाला ते अपुरे पडते. सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे व्यापाऱ्याने हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायचे असतात, आणि अमुक नोंद अशी का केली हा प्रश्न दोन-तीन वर्षांनी येऊ शकतो. त्या वेळी कोणी काय सांगितले होते याची नोंद नसेल तर सहकारी एकमेकांकडे बोट दाखवू लागतात. म्हणून सशुल्क योजना घेतली तरी महत्त्वाचा निर्णय चॅनलमध्येच पडून राहू देऊ नये. व्यापाऱ्याच्या फाइलमध्ये तारखेसह दोन ओळी लिहून ठेवाव्यात. सशुल्क योजनेचे पैसे दरमहा आणि माणशी मोजावे लागतात, हे लहान टीमला जड जाते. हडल, म्हणजे मेसेजमधूनच लगेच सुरू होणारे तोंडी बोलणे, मोफत योजनेत दोघांपुरतेच आहे. आम्हाला तेवढे पुरते. धडगाव-अक्कलकुव्याकडे गेलेल्या सहकाऱ्याला रेंज क्वचितच मिळते, त्याला लेखी मेसेजच सोयीचा.

‘ओटा’ नावाचे आमचे एक चॅनल कामाविना आहे. तिथे अहिराणी चालते, भुसावळचा पारा किती चढला याची चर्चा होते आणि हिवाळ्यात भरिताच्या बेताच्या तारखा ठरतात. परस्परांना कधीही न भेटलेल्या टीमवरच्या, यार्व्हेनपा आणि लायडनर या संशोधकांच्या १९९९च्या अभ्यासात असे आढळले होते की सुरुवातीच्या गप्पांनी विश्वास लवकर जमतो, पण नियमित आणि नेमक्या उत्तरांची जोड नसेल तर तो टिकत नाही. आमचेही तसेच आहे. ११ तारखेच्या आत ज्याची बिले येत नाहीत त्याला ओट्यावरचे विनोद वाचवत नाहीत. मात्र थंडीत कोणाच्या तरी शेतावर काटक्यांच्या जाळावर वांगी भाजत सगळे प्रत्यक्ष जमतात, त्यानंतरच्या महिन्यात मेसेजमधला तुटकपणा बराच कमी झालेला असतो, आणि ते काम कोणत्याही ॲपकडून होण्यासारखे नाही.

चार किंवा अधिक माणसे, दोनहून जास्त गावे आणि एकमेकांच्या कामावर अवलंबून असलेल्या तारखा, अशी स्थिती असेल तर स्लॅक जरूर घ्यावे. पहिले तीन महिने मोफत योजनेवर काढावेत आणि तेवढ्यात खुल्या चॅनलची सवय लागली तरच पैसे भरावेत. एकाच दुकानात शेजारी बसणाऱ्या दोघा-तिघांना त्याची गरज नाही.