प्रिंटर ऑफलाइन आणि खातं रिकामं

एकूण ४४,९९८ रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे लाज एकदाच वाटेल.

प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवत होता. कागद सकाळी हवे होते आणि रात्रीचे साडेदहा वाजले होते. ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाकला, तरी तेच. नेटवर शोधलं, सगळ्यात वर हेल्पलाइनचा नंबर दिसला, लावला. वरचा निकाल बऱ्याचदा पैसे भरून लावलेली जाहिरात असते हे मला माहीत नव्हतं असं नाही, घाईत लक्ष गेलं नाही. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल: गोड आवाज, एक ॲप टाकायला लावलं, आणि माझा माउस आपोआप फिरू लागला.

हेल्पलाइनवाल्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे कॉम्प्युटरची नोंदवही, उघडली. लाल गोळे, पिवळे त्रिकोण, नुसती रांग. ‘बघा सर, ड्रायव्हरमधून व्हायरस शिरलाय.’ असल्या नोंदी धडधाकट कॉम्प्युटरवरही ढिगाने असतात, हे मला नंतर कळलं. ते जाऊ द्या. पण ज्या लाल नोंदीवर त्याने बाण नेला ती मंगळवारची होती, आणि त्याच मंगळवारी मी याच प्रिंटरवर चाळीस पानं छापली होती! तारीख वाचली, मनात खटकलंही, आणि मी गप्प बसलो. त्याने प्रिंटरचं मॉडेलसुद्धा विचारलं नव्हतं. मॉडेल न विचारता ड्रायव्हर कुठला टाकणार होता, कपाळ?

ड्रायव्हरचे १,४९९. (कंपनीच्या साइटवर तो फुकट मिळतो.) ‘सिक्युरिटी’चे ८,९९९. मग ‘चुकून जास्त कापले, परत करतो’ म्हणत नेट बँकिंग उघडायला लावलं आणि स्क्रीन काळी झाली. ‘अपडेट चालू आहे.’ ओटीपी मीच वाचून दाखवला. ३४,५०० गेले. स्क्रीन काळी झाली की विचार करत बसू नका, इंटरनेटची वायर उपटा. पैसे परत घ्यायला ओटीपी लागत नाही. मी वीस वर्षं कॉम्प्युटर वापरतोय; थकलेला माणूस ऐकतो, त्याला काय करणार?

बँकेत फोन लावला तर आधी चौदा मिनिटं गाणं. मग उत्तर, ‘ओटीपी तुम्हीच दिलात ना?’ तक्रार क्रमांक मिळाला, पुढे काही नाही. चौकीत तर साहेब हसले. ‘प्रिंटरसाठी एवढे दिलेत? नवीन आला असता की.’ तीन टेबलं फिरवलं, प्रत्येक टेबलावर गोष्ट पहिल्यापासून सांगितली, आणि शेवटी सांगितलं काय, तर अर्ज आणि स्क्रीनशॉट छापून आणा. छापून!

भाच्याने दहा मिनिटांत प्रिंटर चालू केला. राउटर बंद-चालू झाल्यावर प्रिंटरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा नंबर) बदलला होता आणि जुनं काम रांगेत अडकलं होतं. त्याने प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्राम) थांबवला, रांग रिकामी केली, स्पूलर सुरू करून नवा पत्ता टाकला. ड्रायव्हरला काही झालेलंच नव्हतं.

पहिलं पान निघालं ते तक्रार अर्जाचं.