शाफ्ट (१९७१) आणि त्याची डबल एलपी : आठ महिने ऐकल्यावर

आठ महिने झाले ही डबल एलपी घेऊन, म्हणजे शाफ्ट या अमेरिकन डिटेक्टिव्ह पिक्चरचं आयझॅक हेझने केलेलं संगीत, दोन तबकड्यांवर. पहिली कॉपी वाकलेली आली, सुई उड्या मारायची, बदलून मिळण्यात तीन आठवडे गेले, पण दुसरी एकदम स्वच्छ निघाली आणि तेव्हापासून आठवड्यातून दोनतीनदा लागतेच. मधे पिक्चरही चारदा बघून झाला.

आधी मला फक्त टायटल ट्रॅक माहीत होता. ड्रमर विली हॉलचा हाय-हॅट (ड्रमवरची झांजांची जोडी), त्यावर स्किप पिट्सच्या गिटारचा 'वाह-वाह' असा पेडलने काढलेला आवाज, मग बासरी, ब्रास, स्ट्रिंग्ज असं एकेक चढत जातं आणि आयझॅक हेझ तोंड उघडतो ते थेट अडीच मिनिटं उलटून गेल्यावर! तरी ते अमेरिकेत नंबर वन झालं आणि १९७२ ला ऑस्करही घेऊन गेलं. पण ते खरं कळलं पिक्चर बघताना. शाफ्ट झालेला रिचर्ड राउंडट्री टाइम्स स्क्वेअरला सबवेतून वर येतो, थंडीतला न्यूयॉर्क, लेदरचा लांब कोट, आणि गाड्यांच्या मधनं कोणालाही न जुमानता चालत सुटतो, तो हाय-हॅट म्हणजे त्याची चाल आहे हो. आता नुसतं ऐकतानाही मला तो रस्ता दिसतो. दिग्दर्शक गॉर्डन पार्क्स आधी लाइफ मासिकाचा फोटोग्राफर होता, ते फ्रेमाफ्रेमात जाणवतं.

माझी सगळ्यात जास्त झिजलेली बाजू मात्र तिसरी. त्यातलं सोल्सव्हिल हे गाणं. शाफ्ट हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या काळ्या लोकांच्या वस्तीत बेन ब्यूफर्ड या चळवळ्या पुढाऱ्याला शोधत फिरतो तिथे हे वाजतं. हेझ तिथल्या गरिबीबद्दल, अडकून पडलेल्या माणसांबद्दल गातो, आणि मारधाडीचा पिक्चर दोन मिनिटं थांबून त्या वस्तीकडे बघतो. दर वेळी गलबलतं.

चौथ्या बाजूचं डू युवर थिंग साडेएकोणीस मिनिटांचं आहे. पहिल्या महिन्यात मी अर्ध्यातच सुई उचलायचो. आता रात्री दिवे घालवून पूर्ण ऐकतो, गिटार पार वेडीवाकडी होत जाते तो भाग तर आवर्जून.

एक लक्षात ठेवा, पिक्चरमधलं रेकॉर्डिंग हॉलिवूडचं आणि एलपीवरचं मेम्फिसला स्टॅक्स स्टुडिओमधे नव्याने केलेलं, त्यामुळे हुबेहूब पिक्चरचा आवाज हवा असेल तर फरक जाणवेल. मला एलपीवरचंच जास्त आवडतं.

पिक्चर मधे थोडा रेंगाळतो. बायकांच्या वाट्याला काहीच नाहीये, ते चौथ्यांदा बघताना जास्तच खटकलं. पण मोझेस गन हा नट! त्याने केलेला हार्लेमचा डॉन बंपी, मुलगी पळवली गेलीय म्हणून शाफ्टच्या ऑफिसात येऊन बसतो, तो सीन मी सारखा मागे घेऊन बघतो.

घेणार असाल तर आधी पिक्चर बघा, मग तिसरी बाजू लावा.