सेंटरवरचं डायलिसिस की घरचं: मनाला काय झेपतं?

किडनी निकामी झाली की रक्त मशीनने साफ करायचं, ते हिमोडायलिसिस. म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा सेंटर, दर वेळी साधारण ४ तास मशीनला जोडलेलं. येण्याजाण्यात दिवस जातो, नोकरी सुटते, घरातलं एक माणूस सोबतीला अडकतं. पाणी मोजून प्यायचं, पंगतीत नारळपाण्याचा ग्लास पुढे सरकवायचा. ‘आपण घरच्यांना ओझं झालो’ हे इथेच डोक्यात बसतं. पण शेजारच्या बेडवर तेच ओळखीचे चेहरे असतात. ‘आज किती किलो वाढलं?’ असं, म्हणजे अंगात साठलेल्या पाण्याचं वजन, एकमेकांना विचारतात. हा आधार लहान नाही.

पेरिटोनियल डायलिसिसमध्ये रक्त साफ करणारं द्रावण पिशवीतून पोटात सोडतात; पोटातल्या नळीतून दिवसातून तीन-चारदा ते बदलायचं, घरीच. कामावर जाता येतं. मात्र रोजचं आहे, संसर्गाची धास्ती आहे, आणि पिशव्या सांभाळणारी बहुधा बायको नाहीतर सून. तिला कसं वाटतं, हे कोण विचारतं?

नोकरी टिकवायची असेल तर मी घरच्या डायलिसिसकडे झुकेन. एकट्या राहणाऱ्या आजोबांना सेंटरच बरं. घोळ मात्र दोन्हीकडे सारखाच: थकवा, उडालेली झोप, मेलेली भूक ही किडनीच्या आजाराचीही लक्षणं आणि नैराश्याचीही. डॉक्टरांनी मुद्दाम विचारलं नाही तर उदासी ‘आजारपणा’च्याच खात्यात जमा होते.