इंफाळचा लोकल गाईड: पोलो मॅच प्लस कांगला, दोन दिवस (साडेचार स्टार)

नोव्हेंबर 2022 मध्ये संगाई फेस्टिव्हलच्या दिवसांत आम्ही चौघं इंफाळला गेलो होतो, रिव्ह्यू लिहायचा राहूनच गेला, परवा एका मित्राने विचारलं म्हणून आता टाकतोय. बुकिंग एका एजंटकडून केलं होतं (नाव घेत नाही) आणि त्या माणसाने मणिपूरला 2020 पासून इनर लाईन परमिट (बाहेरच्यांना राज्यात शिरायचा परवाना) लागतं हे सांगितलंच नाही, मग विमानतळावर उतरून लाईनीत उभं राहून काढलं, पाऊण तास तिथेच गेला. त्या विमानतळाचं नाव वीर टिकेंद्रजित. असेल कोणी पुढारी, असं म्हणून आम्ही पुढे निघालो.

गाईड मात्र नशिबाने भारी मिळाला. तिथलाच पोरगा, हिंदी मोडकीतोडकी, पण आजोबांच्या घरी पोनी होते त्यामुळे पोलोवर बोलायला लागला की थांबतच नाही. आपल्याकडे पोलो म्हटलं की डोळ्यांसमोर महालक्ष्मी रेसकोर्स, गॉगल आणि उंची गाड्या. इथे मापाल कांगजेइबुंगला, म्हणजे शहराच्या मधोमध असलेल्या पोलो ग्राउंडवर, आजूबाजूला बाया-बापड्या, पोरंटोरं, शेंगदाणे. त्यांचा मूळ खेळ सगोल कांगजेइ. सगोल म्हणजे घोडा. एका बाजूला सात जण, बॉल बांबूच्या मुळाचा, गोलपोस्ट नाहीच, समोरची शेवटची रेघ ओलांडली की गोल. धोतर आणि फेटा बांधून खेळतात आणि घोड्यांच्या अंगावर गोंडे लटकवलेले असतात, मला वाटलं सजावट, गाईड म्हणाला नाही, काठी-बॉल लागू नये म्हणून. घोडे म्हणजे पोनीच, उंची 11 ते 13 हँड (एक हँड म्हणजे चार इंच), आपल्या टांग्याच्या घोड्यापुढे चिमुकले वाटतील, पण वळतात काय, बाप रे. नंतर चार-चार जणांची इंटरनॅशनल मॅच पण बघितली, त्यात परदेशी गडी सुद्धा ह्याच पोनींवर बसतात, एकेकाचे पाय पार जमिनीला टेकतील असं वाटत होतं 😀 हे पोनी आता हजाराच्या आसपासच उरलेत म्हणे, चरायला जागा नाही.

मग इंटरव्हलमध्ये त्याने सांगितलं ते मला नवीन होतं. बर्मी आक्रमणात बरेच मणिपुरी पळून शेजारच्या कछारमध्ये (आताच्या आसामात) गेले, ते तिथे हा खेळ खेळत, तो बघून शेरर नावाच्या इंग्रज लेफ्टनंटला वेड लागलं आणि 1859 मध्ये सिलचरला क्लब निघाला, 1862 ला कलकत्त्यात. तिथून जगभर. म्हणजे साहेबाने खेळ ह्यांच्याकडून उचलला.

आणि 30-32 वर्षांत ह्यांचंच राज्य घेतलं. ते सगळं कांगला किल्ल्यात, दुसऱ्या दिवशी. शनिवारवाड्याच्या गोष्टी ऐकून मोठं झालेल्या माणसाला ही भाऊबंदकी लगेच कळते: सप्टेंबर 1890 मध्ये राजा सूरचंद्रला भावांनीच गादीवरून हटवलं, कुलचंद्र राजा झाला, पण खरी ताकद सेनापती टिकेंद्रजितची, जो स्वतः पट्टीचा पोलो खेळाडू. इंग्रजांनी नवा राजा चालेल पण सेनापती नको असं ठरवलं आणि आसामचा चीफ कमिशनर क्विंटन त्याला पकडायला मार्च 1891 मध्ये फौज घेऊन आला. 24 तारखेला डाव फसला, त्याच रात्री क्विंटन, पोलिटिकल एजंट (दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी) ग्रिमवुड आणि आणखी तीन इंग्रज मारले गेले. जिथे मारले तिथे कांगला शा ह्या दोन शिंगवाल्या सिंहांच्या मूर्ती आहेत, इंग्रजांनी सूड म्हणून उडवल्या होत्या, आता दिसतात त्या नव्याने बांधलेल्या. मग तीन बाजूंनी फौजा आल्या, एप्रिलअखेर कांगला पडला, आणि 13 ऑगस्ट 1891 ला टिकेंद्रजित आणि म्हाताऱ्या थांगाल जनरलला फाशी. कुठे? पोलो ग्राउंडजवळच! काल आम्ही जिथून चालत गेलो होतो तो बाग. गाईडने हे आदल्या दिवशी मुद्दाम सांगितलं नव्हतं, पठ्ठ्याने राखून ठेवलं होतं.

किल्ला 2004 पर्यंत आसाम रायफल्स ह्या निमलष्करी दलाकडे होता, सामान्य माणसाला मोकळा नव्हता, हे सांगताना त्याचा आवाज जरा बदलला.

जेवण: ईमा कैथेल हा बाजार (सगळ्या दुकानदार बायकाच) बघून झाल्यावर त्याने एका छोट्या खानावळीत नेलं. एरोंबा ह्या तिथल्या पदार्थात आंबवलेला मासा असतो, वास उग्र, मी दोनदा घेतलं, बायकोने काळ्या तांदळाच्या खिरीवर भागवलं. शाकाहारी असाल तर आधीच बोला, कारण भाजीतसुद्धा मासा निघू शकतो.

2023 पासून तिथे जो वांशिक हिंसाचार झाला तो माहीतच आहे, त्यामुळे आता जाणार असाल तर परिस्थिती नीट बघूनच.

अर्धा स्टार कापलाय तो गाईडचा नाही, एजंटचा. परतीचं विमान त्याने सकाळचं काढलं होतं त्यामुळे खोंगजोम, जिथे 1891 च्या त्या युद्धातली शेवटची मोठी लढाई झाली, ते राहिलं. गाईड विमानतळावर सोडताना म्हणाला, 23 एप्रिलला या, त्या दिवशी आमचे सगळे लोक तिथे जातात.