पोर्टिंगच्या नावाखाली माझ्या चेनसॉचा ओरिजिनल ब्लॉकच लंपास केला

२७,९९० रुपये. एवढे रोख माझ्या खिशातून गेले, आणि बुडालेली कामं यात धरलेली नाहीत. पोर्टिंग म्हणजे इंजिनच्या ब्लॉकमधली, म्हणजे ज्यात पिस्टन वर-खाली होतो त्या सिलिंडरमधली, भोकं घासून बदलणं. ज्यांच्याकडे टू-स्ट्रोक चेनसॉ, म्हणजे झाडं कापायची इंजिनवरची करवत, आहे आणि "पोर्टिंग करून घ्या, मशीन दीडपट ओढेल" असं कुणीतरी कानाशी लागलं आहे, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं. सातारा-सांगली पट्ट्यातल्या झाडतोडीवाल्यांनी तर नक्कीच, कारण मला फसवणारा हा पोर्टिंगवाला आपल्याच भागात गिऱ्हाईक शोधत फिरतो. नाव लिहीत नाही. तक्रार चालू आहे आणि वकिलाने मनाई केली आहे.

माझं मशीन ७२ सीसीचं, बाहेरच्या कंपनीचं, पक्क्या बिलावर घेतलेलं. आमचं काम बांधावरची बाभूळ, निलगिरी, मोडायला काढलेल्या द्राक्षबागांची खोडं. वाळलेली बाभूळ ज्याने कापली आहे त्याला ती काय चीज आहे हे सांगायला नको. माल वखारीवर टनाने जातो, त्यामुळे मशीन जितकं ओढेल तितका दिवस पदरात पडतो. हौस म्हणून मी या वाटेला गेलो नव्हतो.

आता "असल्या नादाला लागलासच का" म्हणणाऱ्यांसाठी. पोर्टिंग ही थाप नाही. आरएक्स १०० मोटरसायकल बंद होऊन १९९६ पासून इतकी वर्षं झाली, तरी तिचे ब्लॉक घासून देणारे मिस्त्री आपल्याकडे आजही आहेत. टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. पिस्टनच वर-खाली होताना ब्लॉकच्या भिंतीतले पोर्ट, म्हणजे भोकं, उघडतो आणि झाकतो. त्या पोर्टची उंची-रुंदी बदलली की पेट्रोल-हवेचं मिश्रण आत कधी येणार आणि जळका धूर बाहेर कधी जाणार, सगळं बदलतं. ब्लॉकखालचं पॅकिंग काढून पिस्टन आणि डोक्यामधली फट कमी केली की कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, वाढतं. बऱ्याच मशीनला ती फट कंपनीकडून मिलिमीटरच्या आसपास येते, जाणकार ती अर्ध्या मिलिमीटरवर आणतात. नीट केलेलं काम लाकडात लगेच कळतं. म्हणूनच अशा माणसाचं फावतं. गोष्ट खरी असते, करणारा खोटा असतो.

त्याने मला तीन व्हिडिओ पाठवले. जाडजूड ओंडका, मशीन लोण्यातून गेल्यासारखं खाली जातंय. आज तेच व्हिडिओ बघितले की दिसतं: लाकूड ओलं आणि मऊ, साखळी कोरी करकरीत, आणि आधीचा वेग दाखवलेलाच नाही. कुणी व्हिडिओ दाखवला तर एकच विचारा, तोच ओंडका, तीच साखळी, कामाआधी किती सेकंद आणि नंतर किती? उत्तर टाळलं की तिथून उठा.

मग चिठ्ठी दिली. वहीचा फाडलेला कागद, त्यावर निळ्या पेनाने "एक्झॉस्ट १००, ट्रान्सफर १२२, इनटेक ७८". हे अंशांचे आकडे आहेत, क्रँक (पिस्टनला जोडलेला फिरता दांडा) किती फिरल्यावर कोणता पोर्ट उघडतो-मिटतो याचे: एक्झॉस्ट धूर बाहेर सोडणारा, इनटेक मिश्रण आत घेणारा, ट्रान्सफर ते खालून पिस्टनच्या वर नेणारा. आकडे चुकीचे नाहीत, कामाच्या मशीनला साधारण असेच ठेवतात. पण हे मोजायला क्रँकवर अंशांची चकती लावावी लागते, आणि त्याच्या टपरीत चकती नव्हतीच. माझं मशीन उघडायच्या आधीच चिठ्ठी तयार होती. माझ्या जागी कुणीही त्या आकड्यांवर विश्वास ठेवला असता, कारण इतकं नेमकं बोलणारा दुसरा मिस्त्री मला आजवर भेटलेला नव्हता.

पैसे असे गेले. ॲडव्हान्स ५,००० फोनवरून. "रेसिंग रिंगा आणि कार्बोरेटर किट" म्हणून १,८५०. मशीन न्यायला गेलो तेव्हा उरलेले ४,५००. एकूण ११,३५०. पावती मागितली तर साध्या कागदावर "सर्व्हिसिंग" एवढंच लिहून दिलं. ज्या कामाचे पैसे त्या कामाचं नाव पावतीवर पाहिजे, "सर्व्हिसिंग" हा शब्द पुढे पोलीस ठाण्यात तुमच्यावरच उलटतो.

मशीन हातात घेतलं आणि दोरी ओढली. तो क्षण अजून डोक्यातून जात नाही. दोरी हलकी आली. ७२ सीसीची दोरी ओढताना हाताला जो हिसका बसतो तो नाही, पुतण्याचं लहान मशीन ओढावं तशी सरसर वर आली. मी थांबलो. म्हणालो, पॅकिंग काढलं तर कॉम्प्रेशन वाढायला पाहिजे, ही हलकी कशी? तो हसून म्हणाला, "पाव्हणं, एक्झॉस्ट वर उचललाय न्हवं, दोरीला हलकंच लागणार. लाकडात घाला, मग सांगा." यात अर्धं खरं आहे, हेच मला जाळतं. एक्झॉस्ट पोर्टचा माथा वर घेतला की पिस्टन कोंडायला उशिरा सुरुवात करतो, दोरीला दाब थोडा कमी लागतो. शंका आली होती, विचारलीही होती, आणि तिला शास्त्राला धरून उत्तर मिळालं. कॉम्प्रेशन गेज घरी होता, तो खिशात असता तर दोन मिनिटांत सगळं उघडं पडलं असतं. मशीन आणायला जाताना गेज न्या, आणि देण्याआधीचा आकडा फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

मग त्याने मोकळ्यावर, लाकडात न घालता, रेस दिली. मशीन किंचाळलं. फोनवरच्या कसल्याशा ॲपवर साडेचौदा हजार आरपीएम दाखवले. मोकळ्यावर किंचाळणारं मशीन म्हणजे ताकद नव्हे. कार्बोरेटरचा एच स्क्रू आत घेतला, पेट्रोल कमी केलं की कुठलंही मशीन असंच किंचाळतं आणि तितक्याच लवकर मरतं. नीट लावलेलं मशीन मोकळ्यावर जरा अडखळत, बडबडत चालतं आणि लाकडात गेलं की आवाज स्वच्छ होतो. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमधूनच जातं. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी.

बाभळीत घातलं, पहिली टाकी संपायच्या आत पिस्टन पकडला, म्हणजे ब्लॉकमध्येच जाम झाला.

मी दुसऱ्या, जुन्या मिस्त्रीकडे नेलं. त्याने माझ्यासमोर सायलेन्सर काढला. जाळीजवळ ड्रिलने दोन भोकं पाडलेली, हेच काय ते "पोर्टिंग". ब्लॉक उचलला तर खाली पॅकिंग जसंच्या तसं. पोर्टमध्ये बोट घातलं, ओतकामाची खरखर तशीच, कुठे कानस लागलेली नाही. पोर्टच्या कडा इतक्या धारदार की रिंगेवर उभे ओरखडे उठलेले. पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने करपलेला. मग त्याने ब्लॉक उलटा केला आणि गप्प झाला. कंपनीचा ओतीव शिक्का नव्हता. माझा ओरिजिनल ब्लॉक आणि पिस्टन काढून तिथे कुठल्यातरी स्वस्त किटमधला माल बसवला होता. दोरी हलकी का आली ते तिथे कळलं. पोर्टिंगचं नाटक होतं ते माझा ब्लॉक सोडवून घेण्यासाठी.

मशीन देण्याआधी ब्लॉकच्या बाहेरच्या, गार करणाऱ्या एखाद्या पात्यावर सेंटर पंचने (टोकदार खिळ्यासारख्या हत्याराने) खूण मारा, तिचा फोटो काढा. आणि ब्लॉक तुमच्यासमोर उघडायला लावा. "आमचं सिक्रेट असतं" म्हणणाऱ्याला मशीन द्यायचंच नाही.

नवीन ओरिजिनल ब्लॉक-पिस्टन १३,९००. सील, पॅकिंग, बेअरिंग १,२४०. मजुरी १,५००. वरचे ११,३५० मिळवा. शिवाय निलगिरीचा १८,००० चा ठेका हातचा गेला.

त्याला फोन केला तर म्हणे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं, त्याने पकडलं. इथेनॉलने मिश्रण थोडं पातळ पडतं, पेट्रोल कमी केल्यासारखं, हे मान्य. पण तेच पेट्रोल, तेच लिटरला २० मिली तेल घालून मशीन त्याच्याकडे जाईपर्यंत बिनतक्रार चालत होतं. आणि इथेनॉलने ब्लॉकवरचा शिक्का पुसला का? यावर त्याने फोन कापला. नंतर नंबर ब्लॉक.

ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न, "चेनसॉ म्हणजे काय?" दुसरा, "झाडतोडीची परवानगी आहे का तुझ्याकडे?" मी फिर्यादी म्हणून गेलेलो, आणि बाकड्यावर बसून शेतकऱ्यांच्या परवानग्यांची कागदं मीच दाखवतोय. कागद निघाले तेव्हा साहेब म्हणाले, हा आपसातला व्यवहार आहे, कोर्टात जा. मी म्हटलं, माझी वस्तू काढून घेतली आहे, ही चोरी नाही का? "तुझा ब्लॉक होता कशावरून?" बिल दाखवलं. बिलावर मशीनचा नंबर आहे, ब्लॉकचा नाही. झालं, फाईल तिथेच मिटली. अदखलपात्र नोंद करून एक कागद हातात दिला. ऑनलाइन फसवणुकीच्या टेबलावर गेलो तर, तुम्ही स्वतःच ओळखीच्या माणसाला पैसे पाठवलेत, ही सायबर केस नाही. ग्राहक तक्रारीच्या ठिकाणी बाईंनी वर न बघताच सांगितलं, तुम्ही धंद्यासाठी वापरता, तुम्ही ग्राहक नाही.

हे शेवटचं असं सरसकट म्हणणं चुकीचं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की केवळ स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठी घेऊन वापरलेली वस्तू व्यावसायिक हेतूची धरत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे. हे मला खुर्चीतल्या माणसांनी सांगायला हवं होतं. मला ते रात्री जागून स्वतः वाचावं लागलं. दिवसाची मजुरी सोडून माणूस टेबलाटेबलावर फिरतो, आणि प्रत्येक टेबल त्याला पुढच्या टेबलाकडे ढकलतं. फसवणारा एकदा लुटतो, हे लोक रोज थोडं थोडं लुटतात.

ठाण्यात गुन्हा घेत नसतील तर हात हलवत परत येऊ नका. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे, ३१६ विश्वासाने सोपवलेल्या वस्तूच्या अपहाराचं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तक्रार लेखी, पोस्टाने थेट पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. मी रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे. सोबत चिठ्ठीची झेरॉक्स, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट आणि जुन्या मिस्त्रीचं सहीनिशी लेखी म्हणणं जोडलं आहे. नकली ब्लॉक आणि करपलेला पिस्टन पोत्यात बांधून ठेवला आहे, भंगारवाला मागत होता, दिला नाही. तुम्हीही देऊ नका, तोच पुरावा.

या पट्ट्यात मी एकटाच फसलो असेन असं मला वाटत नाही. ज्यांनी गेल्या काही महिन्यांत चेनसॉचं पोर्टिंग करून घेतलं आहे त्यांनी ब्लॉक उचलून शिक्का बघावा. निळ्या पेनाने लिहिलेली १००, १२२, ७८ ची चिठ्ठी कुणाकडे असेल तर ती फाडू नका, स्वतःच्या नावाने वेगळी तक्रार द्या. एकाच हाताच्या दोन-चार चिठ्ठ्या समोर आल्या तर "आपसातला व्यवहार" म्हणून कुणाला फाईल मिटवता येणार नाही.